दोन मतांचं घर

प्रिय मुक्ता आणि ईशान,

परवा फोनवर मुक्ता म्हणाली, की तिच्यात आणि अनिकेतमध्ये सोफ्यावरून अबोला चालू आहे. नवाकोरा सोफा घरात आलाय आणि त्यावर बसायला कुणी नाही. एक जण स्वयंपाकघरात, दुसरा गॅलरीत. मुक्ता, तू आणि तुझा नवरा दोघंही कमावता, दोघांची खाती वेगळी, आणि कुणी किती पैसे द्यायचे ते म्हणे फोन सांगतो. मी विचारलं, "मग फोन चुकीचं सांगतो का?" तर म्हणाली, "नाही गं आजी, अगदी बरोबर सांगतो. म्हणून तर भांडण मिटत नाही." मागून ईशान ओरडला, की तो लग्नच करणार नाही, सोफा मात्र त्याला चालेल.

तेव्हापासून मला सिस्टर गांगुर्डे आठवत आहेत. मी सल्ला देणार नाही. शाळेत इतकी वर्षं मुलींना इंग्रजी शिकवल्यावर सल्ल्याचं पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे. पण सिस्टरांची हकिगत लिहून ठेवायला हवी. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेल्या आता आम्ही दोघीच उरलो आहोत, आणि दुसऱ्या त्या स्वतः आहेत. त्यांना सांगायला बसवलं तर त्या आधी तुमच्या सोफ्याची किंमत विचारतील आणि गोष्ट तिथेच थांबेल.

तर, सिस्टर गांगुर्डे आपल्या नवऱ्याशी पैशांबद्दल बोलायचं झालं की उठून उभ्या राहायच्या.

बाकी सगळं बसून. भाजी निवडताना त्या नवऱ्याला "अहो" म्हणायच्या आणि ते त्यांना "शकू" म्हणायचे, जसं कुठल्याही घरात असतं. पण महिन्याचा पहिला रविवार आला, दुपारची जेवणं आटोपली, की त्या घरातलं एकुलतं एक टेबल खोलीच्या मधोमध यायचं. त्यावर दोघांचे पगार ठेवले जायचे. मग सिस्टर पदर खोचून उभ्या राहायच्या आणि खणखणीत आवाजात म्हणायच्या, "सन्माननीय सदस्यांनी गेल्या महिन्यात केसांचं तेल दोनदा आणलं. सदस्यांच्या डोक्याकडे पाहता हा खर्च कुणासाठी झाला, याचा खुलासा व्हावा."

मग गांगुर्डेभाऊ उभे राहायचे. टाळूवरून हात फिरवायचे. "जे गेले त्यांच्यासाठी नाही आणलं. जे अजून टिकून आहेत त्यांना धीर यावा म्हणून आणलं."

"धीर द्यायचा तर तोंडानं द्या. ठरावात बसत नाही."

"ठरावात बसत नाही" हे सिस्टरांचं आवडतं वाक्य. नाशकात बुधवारच्या बाजारात गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठी मेथीची जुडी हातात घेऊन त्या ते भाजीवालीला ऐकवायच्या. भाजीवाल्या घाबरून दर उतरवायच्या. ठराव म्हणजे नगरपालिकेचं काहीतरी असणार, असं त्यांना वाटायचं.

हे सत्तरच्या दशकातलं. गंगापूर रोड तेव्हा आजच्यासारखा नव्हता. रस्त्याच्या आतल्या अंगाला द्राक्षांची बाग होती आणि बागेला लागून आमची चार बैठी बिऱ्हाडं. एकात आम्ही, शेजारच्यात गांगुर्डे. शकुंतलाबाई सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, म्हणून सगळ्यांच्या सिस्टर. भाऊ सातपूरच्या एका कारखान्यात टाइमकीपर. कोण कामगार किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर पडला ते त्यांच्याकडे. घरात बुद्धाची एक तसबीर, दोन खुर्च्या, एक टेबल, आणि मूलबाळ नाही.

मूलबाळ नाही म्हटलं की लोकांना त्या घरातल्या पैशांची फार काळजी. "तुम्हाला काय हो, दोन पगार आणि खाणारी तोंडं दोन," असं कुणी म्हणालं की सिस्टर शांतपणे म्हणायच्या, "हो ना. आणि दोन्ही तोंडं एकमेकांशीच बोलतात. त्याचा खर्च तुम्हाला कळायचा नाही."

ही पद्धत त्यांनी लग्नाच्या पहिल्याच महिन्यात घातली होती. तेव्हा रीत अशी, की नोकरी करणाऱ्या बाईनं पगाराचं पाकीट नवऱ्याच्या हातात द्यायचं, आणि नवऱ्यानं त्यातून तिला बसभाडं द्यायचं. सिस्टर म्हणाल्या, "माझा पगार मी तुमच्या हातात देणार नाही आणि तुमचा माझ्या हातात घेणार नाही. दोन्ही टेबलावर. तुम्ही एक माणूस, मी एक माणूस. एका माणसाला एक मत."

भाऊंना हे मनापासून पटलं. त्यांनी फक्त एक शंका काढली. "आणि दोघांची मतं वेगळी पडली तर?"

"तर मतदान घ्यायचं."

"दोघांत?"

यावर सिस्टरांनी विचार केलेला नव्हता. पहिलाच ठराव आला छताच्या पंख्याचा. भाऊ बाजूनं, सिस्टर विरुद्ध. एकास एक. परत मतदान. एकास एक. तो सगळा उन्हाळा दोघं घामाघूम होऊन एकास एक राहिले. शेवटी एका दुपारी दोघंही माझ्या दारात.

"बाई," सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही वर्गात साठ पोरींना गप्प बसवता. आम्ही दोघंच आहोत. आमच्या अध्यक्ष व्हा. बरोबरी झाली तर निर्णायक मत तुमचं."

अध्यक्षांचा भत्ता ठरला एक कप चहा आणि वाटीभर चिवडा. त्या घरात एकमतानं मंजूर झालेली ती पहिली गोष्ट. मी पंख्याच्या बाजूनं मत दिलं. पंखा आला. सिस्टर कितीतरी दिवस तत्त्व म्हणून पंख्याखाली बसल्या नाहीत. उंबऱ्यात बसून पदरानं वारा घेत राहिल्या, आणि आतून भाऊ म्हणत राहिले, "सन्माननीय सदस्या, इकडे फार गार आहे हो."

मी अध्यक्ष झाल्यावर आमच्या दुपारी फार मजेत जाऊ लागल्या. दाराशी एक गोणपाट अंथरलेलं असायचं, ती प्रेक्षकांची जागा. चारी बिऱ्हाडांतली मुलं तिथे येऊन बसायची. प्रेक्षकांना बोलायची परवानगी नव्हती, पण शिकायची होती. तुमची आई तिथेच "हरकत आहे!" म्हणायला शिकली आणि पुढे वर्षभर ते तिनं आंघोळीच्या वेळी वापरलं. तुमच्या आजोबांनाही ही पद्धत आपल्या घरी आणायची होती. मी म्हटलं, आणा. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या घरात मतं मोजली तर स्वतःची आत्ता आहेत त्याहून कमी भरतील, आणि ते पेपर वाचत बसले.

सिस्टर काटकसरीच्या होत्या, हे कुणालाही त्यांच्या चपलेवरून कळायचं. आमच्या कोपऱ्यावरचा चांभार एकदा ती चप्पल हातात घेऊन म्हणाला, "सिस्टर, आता यात चप्पल कमी आणि माझा दोराच जास्त आहे." सिस्टर म्हणाल्या, "मग दोऱ्याचे पैसे कशाला मागता, तो तुमचाच आहे." साबणाच्या चपट्या चकत्या एकमेकींना चिकटवून त्या नवी वडी करायच्या. ती वडी तिरंगी असायची. युनिफॉर्मला खळ भाताच्या पेजेची. हे सगळं चाललं होतं ते गंगापूर रोडवर एक प्लॉट घ्यायचा म्हणून. प्लॉटसाठी दरमहा बाजूला पडणाऱ्या पैशांवर मतदान होत नसे. तेवढ्या एका बाबतीत दोघं गप्प असायचे.

आता त्या घराचे दोन नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. ते नियम एका म्हशीमुळे झाले.

भाऊंचे थोरले बंधू कळवणकडच्या खेड्यात राहायचे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. भरघोस मिशा, मोठा आवाज, आणि स्वभाव असा, की ते घरात आले की घर लहान वाटायचं. एका पहिल्या रविवारी ते आले, टेबलाशी तिसरी खुर्ची म्हणून पाण्याचं पिंप ओढून बसले आणि त्यांनी ठराव मांडला.

"म्हैस चांगली शे. निम्मा पैसा तुमना, निम्मा मना."

"आणि म्हैस राहणार कुठे?" सिस्टर.

"कळवणले. आठे कोठे बांधशी? टेबलले?"

"आणि दूध?"

"जठे म्हैस तठे दूध," दादा म्हणाले. त्यात विचारण्यासारखं काय आहे, ते त्यांना कळेना.

मी मत विचारलं. भाऊंनी थोरल्या भावाच्या मिशांकडे पाहत पाहत हात वर केला. खांद्यापर्यंतच, पण केला. दादांनी दोन्ही हात वर केले.

"दोन कसले?" सिस्टरांनी विचारलं.

"एक मना, एक मनी बायकोना. ती घर शे."

म्हशीच्या बाजूनं तीन, विरुद्ध एक. मी निकाल सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात सिस्टर उभ्या राहिल्या. "हरकत आहे! या घराला आजवर नियमच नाहीत, ही चूक झाली. मी दोन नियम मांडते. पहिला: ज्याचा पगार चालू आहे आणि या टेबलावर येतो, त्यालाच मत. दुसरा: एकट्या माणसाला नियम बदलता येणार नाहीत, कारण उद्या कुणीही येईल आणि बदलेल."

भाऊंनी हात इतक्या जोरात वर केला, की खुर्ची मागे पडली. भावाला तोंडावर नाही म्हणायची सोय झाली होती. नियम दोनास शून्य मतांनी मंजूर झाले. दादांच्या हातांना पगार नव्हता. मग नव्या नियमानं म्हशीचं मतदान परत घेतलं. भाऊंना भावासमोर हात खाली घेववेना, त्यामुळे एकास एक. मी म्हशीच्या विरुद्ध मत दिलं. दादा रागावले नाहीत. माझ्या वाट्याचा चिवडा संपवून ते गेले, आणि आपल्या भावजयीनं घरातच तहसील कचेरी उघडली आहे, असं त्यांनी अभिमानानं साऱ्या कळवणभर सांगितलं.

पुढे बरीच वर्षं हे असं चाललं. प्रेशर कुकर दोन वर्षं लढून आला. रेडिओची सुई तुटली तेव्हा तीन बैठका झाल्या. भाऊ सिस्टरांच्या ठरावांना विरोध करायचे आणि सिस्टर भाऊंच्या. एकदा सिस्टर आजारी होत्या म्हणून भाऊंनी त्यांच्या बाजूनं मत दिलं, तर त्या अंथरुणातून उठून म्हणाल्या, "माझ्यावर दया दाखवायची असेल तर पेज करा. मत नीट द्या."

आणि मग एका सोमवारी भाऊ डबा घेऊन सातपूरला गेले, तर कारखान्याच्या फाटकाला कुलूप.

मालक आणि कामगार यांच्यात काय झालं ते मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. आठवड्याभरात उघडेल असं सगळे म्हणत होते. उघडला नाही. भाऊ मात्र रोज सकाळी डबा घेऊन सायकलवरून फाटकापर्यंत जायचे. मी म्हटलं, "भाऊ, बंद आहे ना?" तर म्हणाले, "उघडला आणि टाइमकीपरच उशिरा आला, तर कसं दिसेल?"

पुढचा पहिला रविवार आला. मी गेले. टेबल मधोमध होतं. त्यावर सिस्टरांचा पगार होता. भाऊ दोन्ही खुर्च्यांपैकी कुठल्याच खुर्चीवर नव्हते. ते दाराशी गोणपाटावर बसले होते, मांडी घालून, मुलांच्या रांगेत.

"अहो, हे काय? इकडे या," सिस्टर म्हणाल्या.

"पगार चालू नाही," भाऊ म्हणाले. "नियम आहे."

"नियम मी केलाय."

"म्हणून तर पाळायला हवा. चांगला नियम आहे."

"बरं, मग मी तो आत्ता रद्द करते. अध्यक्ष, माझं मत रद्द करण्याच्या बाजूनं."

"एकट्या माणसाला बदलता येत नाही," गोणपाटावरून आवाज आला. "तोही तुझाच नियम." आणि मग जरा थांबून, "प्रेक्षकांना बोलायची परवानगी नाही. क्षमा असावी."

मुलांना गंमत वाटली. भाऊंनी मुलांना डोळा मारला. मलाही हसू आलं. सिस्टर मात्र हसल्या नाहीत. त्या उभ्या होत्या त्या तशाच उभ्या राहिल्या, कारण समोर उत्तर द्यायला कुणी उभं राहणार नव्हतं.

त्यानंतरचे महिने फार विचित्र गेले. एरवी प्रत्येक गोष्टीत खोड काढणारे भाऊ एकाएकी सगळ्याला "चालेल" म्हणू लागले. आमच्या दोन घरांमध्ये फक्त एक भिंत होती, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

"पिठलं करू?"

"चालेल."

"की वांग्याचं भरीत?"

"चालेल."

"की आज उपाशीच झोपायचं?"

"चालेल."

मग ताट जोरात आपटल्याचा आवाज.

कपडे वाळत घालताना सिस्टर मला म्हणाल्या, "बाई, मला घरात भांडायला माणूस उरला नाही हो." दवाखान्यात त्यांच्या हाताखाली चाळीस खाटा होत्या. रात्रपाळी करून आल्यावरही ज्यांच्या डोळ्यांत झोप दिसायची नाही, त्या सिस्टर ओली साडी हातात तशीच धरून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "थांबा. मी यांना उभं करते."

पुढच्या बैठकीत त्यांनी ठराव मांडला: घरात एक पेटी आणावी. वाजवायची पेटी. त्या दोघांपैकी कुणालाच वाजवता येत नव्हती, आणि पेटीचा आवाज भाऊंच्या डोक्यात जायचा, हे चारी बिऱ्हाडांना माहीत होतं. सिस्टर गोणपाटाकडे बघून एकेक शब्द तोलून बोलत होत्या. "पेटी रोज सकाळी वाजवण्यात येईल. सदस्य चहा पीत असताना."

भाऊंचा चेहरा पिळवटला. ओठ हलले. सिस्टर पुढे वाकल्या. मला वाटलं, आता उठतात. पण त्यांनी तोंडावर बोट ठेवलं, शेजारी बसलेल्या तुमच्या आईनंही ठेवलं, आणि ठराव एकास शून्य मतांनी मंजूर झाला.

आता मंजूर झालेला ठराव अमलात आणायलाच हवा. सिस्टर स्वतःवर चरफडत मेन रोडला गेल्या आणि एक जुनी पेटी घेऊन आल्या. तिचे तीन सूर बंद होते. एकच पगार येत असलेल्या घरात, साबणाच्या चकत्या चिकटवणाऱ्या बाईनं पेटी आणली! त्या रोज सकाळी ती वाजवायच्या. मी आयुष्यात असा आवाज ऐकलेला नाही. भाऊ चहा प्यायचे आणि म्हणायचे, "चालेल. बरी आहे."

बाकी बिऱ्हाडांनी माझ्याकडे तक्रार केली. मी म्हटलं, ठराव झालाय.

आणि मग पावसाळा संपता संपता तो रविवार आला. मी भत्त्याच्या चहाचा पहिला घोट घेतला आणि बघते तर सिस्टर घरातल्या साडीत. खरं तर त्या रविवारी त्यांची सकाळची ड्यूटी होती. म्हणजे त्या नुकत्याच परत येऊन अजून युनिफॉर्ममध्ये असायला हव्या होत्या.

त्या टेबलाशी उभ्या राहिल्या. "अध्यक्ष, मी ठराव मांडते. ज्याचा पगार चालू आहे त्यालाच मत, हा नियम रद्द करावा."

मी म्हटलं, "सिस्टर, तो एकट्या माणसाला रद्द करता येत नाही. किती वेळा सांगू?"

"एकटी कुठे? माझंही मत नाही. आज सकाळपासून मी महिनाभराच्या बिनपगारी रजेवर आहे. मेट्रननी मंजूर केली. माझा पगार चालू नाही."

गोणपाटावरून भाऊ ताडकन उठले. "शकू, डोकं ठिकाणावर आहे का? घरात एक पगार, तोही..."

"प्रेक्षकांना बोलायची परवानगी नाही," सिस्टर म्हणाल्या. मग त्या टेबलापासून दूर झाल्या, दारापर्यंत चालत गेल्या आणि गोणपाटावर भाऊंच्या जागेशेजारी मांडी घालून बसल्या. दोन मुलं सरकली. टेबलाशी दोन रिकाम्या खुर्च्या राहिल्या.

"घ्या मतदान," त्या खालून म्हणाल्या.

मी विचारलं, "बाजूनं?"

कुणी नाही.

"विरुद्ध?"

कुणी नाही.

"शून्यास शून्य," सिस्टर म्हणाल्या. "बरोबरी झाली, अध्यक्ष. निर्णायक मत तुमचं."

भाऊ अजून उभेच होते. पण इतक्या वर्षांची सवय कुठे जाणार! ते घाईघाईनं म्हणाले, "पण अध्यक्षही एकट्याच आहेत! एकट्या माणसाला नियम..."

"अध्यक्ष माणूस नसतो, खुर्ची असते," सिस्टर म्हणाल्या. "बसा खाली."

भाऊ बसले. बसल्यावर त्यांनी हळू आवाजात विचारलं, "एवढ्यासाठी महिन्याचा पगार? मी बसलो होतो की इथे. मला काही त्रास नव्हता."

सिस्टरांनी समोर बघतच उत्तर दिलं. "मला होता. या घरात माणसं दोनच. त्यातलं एक पायपुसण्यावर जाऊन बसलं, तर मी टेबलाशी उभी राहून कुणाशी बोलू? एकटीच्या मतानं घर चालवायचं होतं, तर लग्न कशाला केलं असतं?"

तुमच्या आईनं सुद्धा हरकत घेतली नाही.

मी मत दिलं. नियम रद्द.

"मग आता मत कुणाला?" भाऊंनी विचारलं.

"या घरात राहणाऱ्या माणसाला," मी म्हटलं.

"राहणाऱ्या," सिस्टर पटकन म्हणाल्या. "मुक्कामाला आलेल्या नव्हे. दादांना कळवा."

भाऊ उठले. पँटला चिकटलेला गोणपाटाचा धागा झटकला. टेबलाशी गेले, खुर्ची मागे ओढली, पण बसले नाहीत. उभे राहिले, टाळूवरून हात फिरवला आणि कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता अशा आवाजात गरजले, "हरकत आहे! घरात एकुलता एक पगार असताना सन्माननीय सदस्येनं तो घालवला. हे ठरावात बसत नाही! सदस्येनं उद्या सकाळी रजा मागे घ्यावी, असा मी ठराव मांडतो. आणि ती पेटी विकावी!"

सिस्टर गोणपाटावर बसल्या बसल्या इतक्या हसल्या, की त्यांना उठता येईना. पदरानं डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. तशाच खालून ओरडल्या, "माझा विरोध! मेट्रनला मी काय सांगू? नवऱ्याला मत मिळालं म्हणून परत आले? आणि बारा वर्षांत मी सलग चार दिवस झोपलेली नाही."

रजेवर मतदान झालं. एकास एक. मी रजेच्या बाजूनं मत दिलं. पेटी मात्र एकमतानं विकली गेली, आणि चारी बिऱ्हाडांनी टाळ्या वाजवल्या.

त्या महिन्यात त्यांनी प्लॉटच्या पैशांतून घर चालवलं. प्लॉट तेवढा पुढे गेला. रजेत एकदा दोघं डबा घेऊन पांडवलेण्यांवर जाऊन आले. नाशकात जन्म काढून सिस्टरांना तिथे बसायला कधी वेळ मिळाला नव्हता. परत आल्या त्या भांडतच आल्या. पायथ्यापर्यंत टांगा करायचा की पायी जायचं, यावर ते वाटेतच एकास एक झाले होते, आणि त्या निकालासाठी माझ्या दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, "आता तर जाऊनही आलात!" त्या म्हणाल्या, "म्हणून काय झालं? निकाल लागायला नको?"

कारखाना पुन्हा उघडला नाही. वर्षभरानं भाऊंना एका दूध सोसायटीत हिशेबाचं काम मिळालं, पहिल्याहून बरंच कमी पगाराचं. टेबलावरच्या दोन रकमा आता अगदीच सारख्या दिसत नसत. पण हात वर झाले की ते सारखेच मोजले जायचे. पुढे प्लॉट झाला, त्यावर दोन खोल्या झाल्या. दुसऱ्या खोलीला खिडकी रस्त्याकडे ठेवायची की मागे, यावर पाया खणून झाल्यावरही मतदान चालू होतं. गवंडी चहा पीत बसला होता.

भाऊंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी तुमच्या मामाकडे कॉलेज रोडला राहायला आले, सिस्टर त्यांच्या दोन खोल्यांतच आहेत. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला.

"अध्यक्ष, कपडे धुण्याचं मशीन घ्यावं म्हणते. गुडघे वाकत नाहीत."

मी म्हटलं, "घ्या की, सिस्टर. विचारता काय?"

"घ्या की कसं? यांचा विरोध आहे ना."

"कशावरून?"

"एवढी वर्षं संसार केला, मला कळत नाही होय? बादलीवर फार विश्वास होता त्यांचा. एकास एक झालंय. तुमचं मत द्या."

मी मशीनच्या बाजूनं मत दिलं. त्या म्हणाल्या, "ठीक. आणते. पण यांच्या विरोधाची नोंद घ्या."

मी घेतली, असं त्यांना सांगितलं.

मुक्ता, तो कारखाना गेला. द्राक्षाची बाग गेली. आमची चार बिऱ्हाडं पाडून तिथे मोठी इमारत उभी राहिली. गांगुर्डेभाऊंचं मत अजून मोजलं जातं.

तुमची,
आजी